वाऱ्याची बाजू

नऊ वर्षं सोडतीत नाव लागलं नाही.
दहाव्या वर्षी लागलं, तेही ह्याच वर्षी.
वायोमिंगहून आलेलं पाकीट
मी हातमोजे घालून पेटीतून काढलं,
तीन दिवस गराजमध्ये निजवलं
(तेव्हा सगळं टपाल आम्ही असंच निजवायचो)
मग फोडलं :
दोन नर एल्क. एक माझा, एक व्हर्लिनचा.
ऑक्टोबरच्या एक तारखेपासून.

व्हर्लिन रस्त्यापलीकडे राहतो.
मिनेसोटातल्या आमच्या गावचा रस्ता म्हणजे वीस पावलं,
पण तो अख्खा उन्हाळा आम्ही फोनवर काढला,
तो त्याच्या खिडकीत, मी माझ्या,
आणि दोघांच्या टेबलांवर एकच नकाशा,
दोनदा विकत घेतलेला.

"पेट्रोल घरूनच न्यायचं, चार कॅन. मोटेल नको.
अंडी उकडून घेऊ. झोप ट्रकमध्येच."
"ट्रक दोन," मी म्हणालो.
तो गप्प झाला.
एकवीस वर्षं आम्ही एकाच ट्रकमधून जातोय,
त्याच्या त्या भयंकर कॅसेटींसकट.
पण कोठारातल्या धान्याची तीस वर्षांची धूळ
त्याची छाती अजून खोकून बाहेर टाकते,
आणि हे मी बोललो नाही तरी
तारेवरून त्याला ऐकू गेलंच.

बूट नरम करायला मी जिना चढायचो, उतरायचो,
पाठीवर गुरांच्या मिठाची पोती.
बायको म्हणाली, तेरा पायऱ्यांचा डोंगर,
शिखरावर संडास.

ऑगस्टमध्ये केबिनवाल्या आर्डिथला फोन केला.
ती म्हणाली, इथल्या दवाखान्यात आठ खाटा,
त्यातल्या दोहोंवर माझे शेजारी.
मग म्हणाली, ऑक्टोबरच्या भाड्यावर माझा हिवाळा निघतो.
मग दोन्ही वाक्यं तिने तशीच ठेवली
एकमेकांशेजारी,
आणि मी विचारायच्या आत म्हणाली,
"या म्हणत नाही. येऊ नका असंही नाही म्हणत, लोवेल."
मागे कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

बापाने मला आधी बंदूक नाही शिकवली,
वारा शिकवला.
खिशात राखेची पुरचुंडी,
चिमूटभर सोडायची आणि बघत राहायचं
कुठे जाते.
जनावराच्या डोळ्यांना तू दिसशील तेव्हा दिसशील,
तुझा श्वास त्याआधीच पोचलेला असतो.
वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहा. सावकाश सोड.
पन्नास वर्षं मी लपवत आलो श्वास
चारशे पावलांवर कान टवकारणाऱ्या माद्यांपासून.
आर्डिथपासून कसा लपवायचा?
आणि वाटेत कुठेतरी थांबावं लागलंच
तर गल्ल्यामागे बसलेल्या पोरीपासून,
जी मास्क हनुवटीवर घेऊन
सुटे पैसे मोजेल?

परवानगी परत करायची शेवटची तारीख
एक बुधवार होता.
मी पेन घेऊन बसलो.
पलीकडच्या खिडकीत तोही बसलेला दिसला,
फोन कुणीच उचलला नाही.

भाड्याचा चेक मी तरीही पाठवला.
वटला.
चिठ्ठीबिठ्ठी काही आली नाही.
त्या दोन शेजाऱ्यांचं काय झालं
ते विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

एक ऑक्टोबरला पहाटे चारचा गजर वाजला.
जूनमध्ये लावला होता, बंद करायचा राहिला.
किंवा मी केला नाही.
केशरी जाकीट चढवलं, थर्मास भरला,
ट्रकमध्ये जाऊन बसलो, इंजिन बंद ठेवून.
रस्त्यापलीकडे दोन दिवे लागले.

आम्ही ट्रक गावाबाहेर नेले,
कापणी झालेल्या मक्याच्या रानाकडेला
शेजारी शेजारी उभे केले, मधे तीन हात जागा.
त्याने काच उतरवली.
मी उतरवणार होतो, तेवढ्यात
त्याने हाताने थांबवलं,
ॲशट्रेमधली चिमूटभर राख
बाहेर सोडली
आणि दोघं बघत राहिलो.

"तू पलीकडे ये," तो म्हणाला.
मी गाडी चालू केली.