डोळे

मार्च. डोंगरावरचा बर्फ अजून उतरायचं नाव घेत नाही.
फिन्शगाऊच्या खोऱ्यात नोटबुर्गा
करवतीच्या पात्याचा तुकडा घेऊन निघते,
मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली.

दोन वर्षांची सफरचंदाची झाडं, नुसत्या काठ्या.
खोडाखोडावर डोळे, मिटलेले.
मिटले म्हणजे मेले नव्हेत, ती म्हणते,
ऐकताहेत.

वरून शेंडा सारखा बोलत असतो.
सालीखालून ऑक्सिन झिरपत राहतं,
न ओरडता:
मी आहे ना वर. तुम्ही कशाला?
मुळांकडूनही एक निरोप चढतो, एवढ्यात नको.
त्याच मुळांचा दुसरा, उठा म्हणणारा,
या गलबल्यात पोचतच नाही.

ती एक डोळा निवडते. तोच का, विचारू नये.
त्याच्या वर गव्हाच्या दाण्याएवढं सोडून
सालीत अर्धचंद्र.
पांढरं दिसलं की थांबायचं.
शेंड्याचा आवाज तेवढ्यापुरता तुटतो.
महिनाभरात डोळा फुटेल.

प्रयोगशाळेतून व्हेरेना येते, नात्यातलीच,
ओळीच्या टोकाचं तिचं झाड मोजायला:
सरळसोट खांब.
जनुकाशेजारी कुठला तरी भटका तुकडा
येऊन बसला, ती सांगते,
आणि जनुक नको तिथे जागं झालं.
फांद्या वाढतच नाहीत.
सफरचंदं खोडालाच धरतात, खच्चून.
‘म्हणजे माझ्यासारखं,’ नोटबुर्गा म्हणते,
आणि व्हेरेनाला कळत नाही
हसावं की नाही.

शेताचे तुकडे करायचे नाहीत, हा इथला रिवाज.
पाच भावंडांत थोरला क्वीरिन; सगळं त्याच्या नावे.
एक म्युनिकला कारखान्यात गेला, एक मठात.
एक बाळंतपणात.
हिला माडीवरची खोली, उत्तरेची खिडकी,
आणि करवत.

क्वीरिन डिसेंबरात गेला.
वकिलाचं पत्र सात आठवडे
पिठाच्या डब्यामागे आहे.

‘जुन्या लाकडावर खाच घातली तर?’
‘क्वचितच फुटतो,’ व्हेरेना वहीतून मान वर न काढता म्हणते.
‘असतात मात्र तिथेही. सालीत गाडलेले,
कधीचे कधीचे.’

त्या दिवशी ओळ अर्धीच राहते.
घरी येऊन ती हात धुते, डबा सरकवते,
पाकीट उजेडात धरते
आणि त्याच पात्यानं फोडते,
वरच्या कडेला,
फार खोल नाही.