ही बसलीय कशावर?

ओरिनोको समुद्राला भेटण्याआधी इतकी फाटते
की नकाशावर तिच्या नुसत्या दशा लोंबतात.
त्यातल्या एका दशीवर, चिखलात खांब रोवून,
सतरा घरं. भिंती नाहीत.
दिवसातून दोनदा भरती येते
आणि नदी, मागे काही विसरल्यासारखी,
उलटी फिरते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन आठवडे राहिलो.
रात्री कॅमेरा तांदळाच्या डब्यात निजवायचो,
तरी सकाळी भिंगाच्या आत
बुरशीचं बारीकसं झाड
एका फांदीने वाढलेलंच असायचं.

होडी अरुंद, दोन मांड्यांपुरती.
कोन मिळावा म्हणून मी उभा राहिलो,
तर पुढे बसलेला आठ वर्षांचा येसिद
मान न वळवता म्हणाला,
खाली बस, तुझा डोळा एका बाजूला जड आहे.
(दुभाष्याने असं सांगितलं.
थोडं त्याने पदरचंही घातलं असेल.)

खूप फोटो काढले.
धुकं. वल्ही. मोरिचेच्या तंतूंचे झोपाळे,
त्यातून लोंबणारा एकेक पाय.
आणि अमालियो: कोरलेल्या खोडाखाली
निखारे सरकवत, आतून पाणी शिंपडत
लाकडाला सावकाश जांभई द्यायला लावणारा.
घाई केली की तडकतं,
एवढंच तो तीन दिवसांत बोलला.

निकासियाचा फोटो शेवटच्या दिवशीचा.
खेकड्यांची टोपली पायांत, वल्हं आडवं,
हनुवटीवर पाण्याचा एक थेंब, पडू की नको करत.
शहरात परतल्यावर
टेबलावर पट्टी ठेवून मी खालचं सगळं कापलं.
टोपली गेली. वल्ह्याचं टोक मध्ये येत होतं, तेही.
होडीची काळी कड गेली.
चेहरा उरला.
लोक म्हणाले, डोळे बघ, डोळे.
चार महिने तो एका पांढऱ्या भिंतीवर होता,
खाली पाटी: नदीवरची स्त्री.

पुढच्या वर्षी फोटोंचा गठ्ठा घेऊन गेलो.
दमट हवेने कागद पापडासारखे वळलेले.
सगळे भोवती बसले
आणि चेहऱ्यांवरून सरळ पुढे गेले.
चेहरे त्यांना पाठ होते.
ते होड्या वाचत होते.
ही एलादियोची, डांबराचं ठिगळ बघ.
ही बुडाली, तिघांना घेऊन, तिघेही पोहत आले.
ही माझीच, मेहुण्याने दोन दिवसांसाठी नेलीय
परवाच्या परवाच्या वर्षी.

निकासियाने तिचा फोटो बराच वेळ धरला.
उलटा केला. मागची बाजू पाहिली,
उरलेलं तिकडे गेलंय का म्हणून.
मग म्हणाली,
ही बसलीय कशावर?

मी सांगू लागलो, उजेड, डोळे, चेहऱ्यावरचं ते...
दुभाष्याने मध्येच भाषांतर थांबवलं.
त्या दिवशी मी होडीत होते, ती म्हणाली,
समोर तूही होतास.
मग आपण दोघं कशावर होतो?

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अमालियो उठला. नव्या खोडाच्या जळक्या पोटात
अंगठा घासून आला
आणि हनुवटीच्या खाली, कागदाच्या पांढऱ्या काठावर,
एक काळी वाकडी रेघ ओढली.
मागच्या टोकाला नखाने एक चीर पाडली.
तिच्या होडीला तिथेच चीर आहे.
आता ठीक, म्हणाली ती,
आणि खेकडे मोजायला गेली.

फोटो झोपाळ्यात विसरून गेली.
येसिदने तो उचलला,
खांबावरून खाली उतरला
आणि पाण्यावर ठेवून पाहिला.

नदी त्या वेळी उलटी वाहत होती.
चेहरा वर करून तो आत, जंगलाकडे निघाला,
दोन घरं, तीन घरं.
पोरं काठाने मोजत होती.
मी कॅमेरा डब्यातून काढलाच नाही.
पाचव्या घराशी
कागद आधी कडेने ओला झाला.