शुद्धिपत्र

आप्पा हिंगमिरे पाच वर्षांत एकशे बारा वेळा बोलले.
मोजलंय मी. टंकलंय मी.
विट्यात, स्टँडमागं, चपलांच्या दुकानावरची खोली;
तिथं भाषणं आधी माझ्या बोटांतून जायची
आणि मग दिल्लीला.

बंदरांच्या विधेयकावर बोलले. आपल्याकडं समुद्र नाही,
तरी बोलले. "मग हळद कुठनं जाते?" म्हणाले.
निवृत्तिवेतनावर, धरणांच्या सुरक्षेवर,
टपालाच्या एका दुरुस्तीत तर
कलम सातमधल्या 'किंवा'साठी दोन दिवस भांडले
आणि त्याचा 'आणि' करूनच उठले.
रात्री आनंदानं घरी फोन केला. वहिनी म्हणाल्या,
एवढ्यासाठी गेलाय व्हय तिकडं?

पण मी सांगतोय तो शुक्रवार वेगळा.
दुपारी साडेतीन, खासगी विधेयकांची वेळ,
खाली बाकं रिकामी, वर गॅलरीत कुठल्याशा शाळेची सहल.
आप्पांचं बिल गलाई कामगारांसाठी होतं.
सोनं गाळणारी आपली माणसं:
सेलमला, मदुराईला, पार कोळिकोडला,
दहा बाय दहाची खोली, ॲसिडचा तांबूस धूर,
धुराड्याच्या जागी एक खिडकी,
आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून
तीही बंद.

मराठीत बोलले. तशी आगाऊ सूचना मीच धाडली होती.
"लेंगऱ्याचा सुबराव ज्ञानू गुरव, अध्यक्ष महोदय,
वय एकेचाळीस.
जुनं सोनं मुशीत, मूस भट्टीत,
आणि ह्याची छाती मुशीच्या तोंडावर, बावीस वर्षं."

दुभाष्या नवा होता.
त्याच्या गावाकडं मूस म्हणजे उंदीर.
त्याची काय चूक?
इतरांच्या कानांत सोनं उंदरात वितळलं.
मागच्या बाकांवर कुणी फिसकन हसलं, मग दोघं-चौघं.

आप्पांच्या कानाला यंत्र नव्हतं,
आपलंच भाषण कोण यंत्रातून ऐकतं?
त्यांना वाटलं, सुबरावला हसले.
थांबले.
किती वेळ, ते कुठंच सापडत नाही.
कामकाजात हसण्याला कंस असतो,
थांबण्याला नसतो.

मग घंटा. मग मंत्र्यांचं आश्वासन, गुळगुळीत, दीड मिनिटाचं.
मग रीतीप्रमाणं आप्पांनी
सभागृहाच्या अनुमतीनं
विधेयक मागं घेतलं.

कच्ची प्रत आली तेव्हा मी पत्र लिहिलं.
महोदय, उंदीर नव्हे, मूस;
सोनं वितळवण्याचं मातीचं भांडं.
तसंच मृताचं आडनाव गुरव, गौरव नव्हे.
तीन ओळींना मी चार कागद फाडले.
आप्पांनी न वाचता सही केली.
त्या दिवसानंतर त्या बिलाचा विषय
त्यांनी काढला नाही, मीही नाही.

उत्तर आलं, हे खरं.
टाचणी लावलेली बोटभर चिठ्ठी, वर लिहिलेलं 'शुद्धिपत्र'.
उंदीर काढला होता. गुरव बरोबर केला होता.
(हशा) तसाच ठेवला होता.
आता मुशीनंतर तो कशासाठी येतो
हे कुणालाच कळणार नाही.

दसऱ्याच्या आधी सुबरावची गुणाबाई आली.
चपला खालीच काढून, दुकानातल्या चपलांपासून लांब.
म्हणाली, साहेब ह्यांचं नाव बोलले म्हणं तिथं.
मला वाचून दाखवा. सगळं.

वाचलं. लेंगरे म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला.
वय म्हटल्यावर हळूच म्हणाली, बेचाळीसावं लागलं होतं.
बावीस वर्षं इथवर आलो
आणि पुढं तो कंस होता.

का थांबलासा? तिनं विचारलं.
म्हटलं, पान उलटतोय.
आणि जे पान अजून अर्धं बाकी होतं
ते उलटलं.