बदल होईपर्यंत

जुलैतल्या वॉशिंग्टनमध्ये पंखाही घामाघूम.
हमाल पोलादी कपाटं जिन्यावरून उतरवताहेत,
फक्त तारेची आणि टेलिफोनची.
रेल्वेची कपाटं जिथल्या तिथे,
मधली जागा पडलेल्या दातासारखी.

काल रात्री बारापर्यंत हा कारभार जुन्या कमिशनचा होता.
आज नव्याचा.
नव्याला अजून पाटी नाही,
पाण्याचा पेला एकच, तोही कुणाच्या तरी घरचा.
कागद जुनेच, छापील.
लिओना ट्रक्सल जुन्या नावावर एक्सची रांग मारते,
वरच्या कोऱ्या पट्टीत नवं नाव टंकते.
एक्सच्या फटींतून जुनं वाचता येतंच.

पहिल्याच टपालात नेब्रास्काहून पत्र.
विल्बर गावचा न्हावी आन्झेल्म वोंद्रा विचारतो:
माझी तक्रार तुमच्या आधीच्यांकडे दोन वर्षं पडून आहे.
पेपरात वाचलं, तारेचं काम त्यांच्याकडून गेलं.
मग तक्रार आहे, की तीही गेली?
नव्याने लिहायची असेल तर सांगा.
फक्त, लिहायचं म्हणजे सगळं पुन्हा आठवावं लागतं.

तिसऱ्या कपाटात, तळाच्या खणात, फाइल सापडते.
आत तारेची नक्कल:

सावत्र-भाऊ बोहुश पहाटे गेला.
दफन शनिवारी. मिळेल त्या गाडीने ये.

दहा शब्दांना एक दर. तारमास्तरने अकरा मोजले,
मधल्या आडव्या रेघेवर पेन्सिल टेकवून.
जादा चार सेंट.

कंपनीच्या वकिलाचं उत्तर नऊ पानी,
नियमपुस्तिकेतल्या उताऱ्यांसह.
वोंद्राचं, एका ओळीचं:
आम्ही एका पलंगावर वाढलो. शब्द एकच आहे.

"चार सेंटांपायी तीन-तीन सेंटांची किती तिकिटं लावली यानं!"
शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हसतं.
लिओना हसत नाही. गरम होतंय, एवढंच म्हणते.

पेटिग्रूसाहेब नवा कायदा उघडतात,
अजून पानं नीट सुटलेली नाहीत, नखानं सोडवतात.
शेवटाकडे एक कलम आहे, भाषणात कुणी न उल्लेखलेलं:
जुन्यांचे हुकूम, जुन्यांचे परवाने, ठरलेले दर,
आणि अर्ध्यावर राहिलेलं कामकाज,
नवे त्यात बदल करीपर्यंत
जसंच्या तसं चालू.

आपल्याकडे दुकानाच्या वहीत
ओल्या बोटानं पान उलटून लिहितात ना,
मागील पानावरून पुढे,
तेच. फक्त सरकारी शिक्क्याचं.

वोंद्राला हे समजावून सांगावं लागलं नसतं.
त्याच्या दुकानाचा आधीचा मालक
एका गिऱ्हाइकाची दाढी करता करता खाली बसला, तो उठलाच नाही.
माणसं धावली, डॉक्टर आला, चादर आली.
गिऱ्हाईक अर्ध्या फेसानिशी खुर्चीतच.
तेव्हा हाताखालच्या पोरानं वस्तरा उचलला, धुतला,
आणि उरलेला गाल पुरा केला.
तो पोर म्हणजे वोंद्रा.
फाइलमध्ये हे नाही.

लिओना उत्तर टंकते:
आपली तक्रार चालू आहे. पुन्हा लिहिण्याची गरज नाही.
सुनावणीची तारीख यथावकाश.
यथावकाश म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक नाही.

मग नव्या नोंदवहीसाठी कार्ड.
हुकूम असा की जुनी नोंद अक्षरशः उतरवायची,
नंबर तोच, तारीख तीच, स्वल्पविरामसुद्धा.
ती उतरवते.
एका शब्दाशी आडव्या रेघेची कळ अडते,
किंवा बोट. कोण सांगणार.
कार्डावर उमटतं: सावत्रभाऊ.

खोडायला रबर हाताशीच होतं.
पेटिग्रूसाहेबांनी कार्ड उजेडात धरलं,
जरा जास्तच वेळ धरलं,
सही केली, पेटीत टाकलं.

आता हेच लागू,
कुणी बदल करीपर्यंत.