पाटकरी

नव्या राजवाड्याचा कारकून आला, काखेत वही.
म्हणाला, यख्लफ, तुमचं घराणं कुणाकुणाच्या चाकरीत होतं?
म्हटलं, बस. आधी जोडे काढ. इथे चिखल आहे.

फेस तेव्हा एक नव्हतंच.
नदीच्या दोन काठांना दोन गावं, दोन कोट,
आत सख्खे भाऊ, एकमेकांच्या जिवावर उठलेले.
आमचा मूळपुरुष रात्री दोन्हीकडचे खापरी नळ उपसायचा.
गाळ इकडचा की तिकडचा,
हाताला कळायचं नाही.

मग वाळवंटातून आले, तोंडं झाकलेले पुरुष.
मधली भिंत त्यांनी पाडली.
पुढे मोठ्या मशिदीच्या कमानींना सोनं चढलं,
माझ्या खापरपणज्याने तिथल्या हौदाला पाणी आणलं.
मजुरी: एक गाढव. लंगडं.

त्यांच्यामागून डोंगरातले.
शहर वाकेना, तर त्यांनी नदीच वर अडवली,
लाकडं, झुडपं, माती,
आणि एके दिवशी सोडून दिली.
हे नीट लिही, तट पाण्याने पडला.
पणजा विशीत होता. सांगायचा,
जे आपण बोटाने वळवत होतो
ते भिंतीएवढं उभं राहून आलं
आणि घरच्या माणसांना त्याने ओळखलं नाही.

नव्या धन्यांना नक्षी खपायची नाही.
शुक्रवारच्या आत, रातोरात,
सोन्यावर कागद डकवला, कागदावर चुना.
चुना कालवायला पाणी पणज्यानेच वाहिलं.
त्यानंतर तो त्या भिंतीकडे पाठ करून बसत नसे.

आणि आता तुम्ही.
वरच्या अंगाला तुमचं पांढरं शहर,
पाणी आधी तुमच्या बागांना, उरलं तर आम्हाला.
बरं. उतार तर खालीच आहे.

माझा हात आता नळात मावत नाही.
नात इट्टो खांद्यापर्यंत हात घालते, डोळे मिटून,
आणि काढते: जर्दाळूची बी, केसांचा गुंता,
उंदराचं पिल्लू, कुणाची तरी तुटलेली जपमाळ.
कुठल्या राज्यातली, विचारू नकोस.

कारकुनाने रकाना कोराच ठेवला.
आमच्याच धारेखाली पाय धुतले,
जोडे चढवले, दारापर्यंत गेला,
मागे वळला.
हळूच म्हणाला,
बाबा, माझ्या घरचा नळ
परवापासून तुंबलाय.