काय नवीन आहे

रात्री कधीतरी ते स्वतःहून बदललं.
सकाळी शटर वर केलं, कॉम्प्युटर लावला
तर रेकॉर्डिंगचं लाल बटण डावीकडून उजवीकडे गेलेलं.
दिवे गेल्यावर काडेपेटी शोधावी
तसा माझा हात.

खाली बारीक अक्षरांत यादी होती.
आता वीज गेली तरी भरलेला आवाज जात नाही.
हे वर्षापूर्वी सुचलं असतं
तर म्हात्र्यांच्या हळदीचं आमंत्रण
मला चारदा ओरडावं लागलं नसतं.
आता शंभर पावलं मागे जाता येतं.
आता डोळ्यांना त्रास नको म्हणून सगळं काळं.
आता खरखर, धाप, तोंडाचे बारीक आवाज
आपोआप काढले जातील.

बेलापूरला, शहाबाज गावात, झेरॉक्सच्या दुकानामागे
आठ बाय सहाची माझी खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी.
भंगारवाले, गाद्यावाले, सेल लागलेले चपलावाले,
सगळ्यांचे भोंगे इथे भरले जातात.
मिनिटाला तीनशे, पेनड्राइव्ह तुमचा.

त्याच दुपारी दिवाळ्याची चांगुणाबाय आली.
सुनेच्या स्कूटरला भोंगा बसवलाय,
घसा आता सेक्टर अठ्ठेचाळीसपर्यंत पुरत नाही.
स्टूल दिलं तर बसली नाही.
उभी राहिली, एक हात वर धरून
डोक्यावर नसलेल्या पाटीचा तोल सांभाळत,
आणि छातीभर श्वास ओढून
मावरं घ्या गो मावरं,
बोंबील, मांदेली, कोलबी घ्या गो
माईक जरा मागे सरकल्यासारखा वाटला.

मी नवीन बटण दाबलं.
आलेखावरचं सगळं गवत कापलं गेलं.
उरला एक गुळगुळीत आवाज, इस्त्री केलेला,
चाळीस वर्षांत एकदाही
उन्हात न चाललेल्या बाईचा.
मी खूश.
ती म्हणाली, बरा हाय,
पण पैसे मोजताना म्हणाली, माझ्याकडे न बघता.

तिसऱ्या दिवशी परत.
"मास्तर, बाया खाली आल्या ना.
हातान डबे घेऊन.
एकान वला कचरा, एकान सुका.
त्यांना वाटला पालिकेची गाडी आयली."
बाहेर सून स्कूटरवर हसून हसून वाकलेली.

मग मी मागे जायला लागलो,
शंभरातलं एकेक पाऊल.
काप जोडले, धार बोथट केली, चढवलेलं उतरवलं.
सदतिसाव्या पावलाला तिचा श्वास परत आला,
'मावरं'च्या आधीचा,
ओहोटीला खाडी चिखलातून पाणी ओढते तसा.
"ह्यो!" तिनं टेबलावर हात आपटला.
"ह्यो आयकला का
तिसऱ्या माल्यावरची गुजरातीण खिडकी लावते
नि बंगालीण पाकीट शोधते."

फाटलेला 'घ्या' ठेवला.
बांगड्या ठेवल्या.
भिंतीपलीकडे कुणाचं तरी आधारकार्ड
दोन्ही बाजूंनी निघत होतं, ती घरघरही ठेवली.
पडद्यानं लाल खुणा करून सांगितलं,
दोन ठिकाणी आवाज फाटला आहे, दुरुस्त करू?
फाटला नाही रे बाबा, तो तिथे वापरलाय,
असं उत्तर लिहायला जागा नव्हती.
हो किंवा नाही, एवढंच.

दुसऱ्यांदाचे पैसे मी घेतले नाहीत.
तिनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं
आणि जाताना कीबोर्डवर
कागदात गुंडाळलेले सहा बोंबील ठेवून गेली.
कागद भिजला, पाणी 'एस'खाली गेलं,
आता ते अक्षर दोनदा दाबावं लागतं.

संध्याकाळी कोपऱ्यात चौकोन उगवला.
नवीन आवृत्ती तयार आहे,
मागील आवृत्तीतील काही अडचणी दूर केल्या आहेत.
कुठल्या अडचणी, ते लिहिलं नव्हतं.
माझे दोन्ही हात बोंबलात होते.
कोपरानंच दाबलं,
नंतर आठवण करा.