दंडाचं माप

तळाशीलच्या उपकेंद्राला दोन खिडक्या.
एकीतून खाडी, दुसरीतून समुद्र,
मधल्या टेबलावर बीपीचा पट्टा,
सगळ्या गावाला एकच,
जसा कार्याचा मोठा टोप अख्ख्या वाडीला एकच असतो.

जिवाजी कोचरेकर आले बुधवारी.
चाळीस वर्षं रापण ओढलेला दंड.
पट्ट्याचं टोक टोकाला कसंबसं भेटलं,
वेल्क्रो दोनदा सुटलं,
तिसऱ्यांदा मी अंगठ्याने दाबून धरलं
आणि फुगा पिळत गेले.
वर एकशे अठ्ठावन्न, खाली अठ्ठ्याण्णव.
पुढच्या दोन बुधवारीही तेच.
मी लिहिलं. लिहिणं माझं काम.
डॉक्टरांनी गोळी दिली, मग दुसरी,
मीठ कमी, लोणचं बंद, खारा बांगडा बंद.
भिंतीकडे तोंड करून जेवतात आता,
सून सांगत होती.

आश्विनात एका पहाटे
रापणीचा दोर हातात असताना
त्यांच्या डोळ्यांपुढे वाळू फिरली.
बसले गुडघ्यावर. उठले. दोर सोडला नाही,
कुणाला बोललेही नाहीत.
मला बोलले, आठ दिवसांनी,
मी परत अंगठा दाबून धरला तेव्हा:
"गो बाय, जाळ्याची आस बारीक आसली
काय नको ता पण गावता.
तुझो ह्यो पट्टो माका लहान पडता.
ह्येका काय गावला, ता एकदा बघ."

मी हसले.
रात्री मात्र प्रशिक्षणातलं पुस्तक काढलं,
कडा वाळवीने खाल्लेलं.
पान शाबूत होतं, दुर्दैवाने.
पट्ट्यातली रबरी पिशवी
दंडाला ऐंशी टक्के तरी वेढणारी हवी.
अपुरी पडली तर नस दाबायला जास्त हवा लागते,
आणि ती जास्तीची हवा
रक्ताच्या नावावर चढते.
खाली माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने: महत्त्वाचे.

दुसऱ्या दिवशी मनोहर शिंप्याकडून
झंपराचं माप घ्यायची टेप मागून आणली.
जिवाजींचा दंड एकोणचाळीस.
माझ्या पट्ट्यावर छापलेलं, बारीक, मळलेलं:
बावीस ते बत्तीस.
सात वर्षं तो छापील आकडा
माझ्याच बोटांखाली होता.

तालुक्याला अर्ज केला.
उत्तर आलं, पट्टा पुरविण्यात आलेला आहे.
पुन्हा केला.
पाच महिन्यांनी जुलाबाच्या पुड्यांच्या खोक्यात
तळाशी दोन निघाले, एक मोठा, एक लहान.
मोठा जिवाजींच्या दंडावर
ओल्या सदऱ्यासारखा बसला.
एकशे छत्तीस. मी पाच मिनिटं थांबून परत घेतला.
एकशे चौतीस.
गोळ्या चालू असतानाचा हा आकडा,
डॉक्टर म्हणाले, एक गोळी उतरवू, मग पाहू.
मी मान हलवली
आणि वाळूवर टेकलेले दोन गुडघे
दिवसभर डोळ्यांपुढून हलले नाहीत.

इथे संपवायला हवं होतं.

पण त्याच दुपारी गर्दी,
मोठा पट्टा टेबलावर तसाच उघडा,
आणि समोर सुंद्राबाई रेवंडकर,
सुकी मासळी विकून स्वतःही सुकलेल्या.
त्यांच्या दंडाला त्या पट्ट्याने दोन वेढे घेतले.
एकशे चौतीस. "छान आहे," मी म्हटलं.
त्या टोपली डोक्यावर घेऊन गेल्यासुद्धा.

सुरूच्या बनापर्यंत धावले मी, टेप गळ्यात.
एकवीस भरला. लहान पट्टा बांधला,
तिथेच, उलट्या होडीवर बसवून,
पाठ टेकवून, हात काळजाच्या उंचीला
माझ्या मांडीवर दप्तर ठेवून त्यावर.
धाप त्यांचीही, माझीही. वाट पाहिली दोघींनी,
लाटा मोजत, मग मोजायचं विसरत.
एकशे बेचाळीस.

"उद्या परत या," मी म्हटलं, "परवाही.
हा आकडा खरा वाटतोय."
सुंद्राबाईंनी बाही खाली केली,
टोपलीवरची माशी हाकलली,
माझ्याकडे पाहिलं.
"मगे पयलो आकडो
कोणाचो होतो?"